ग्वाल्हेरहून माकूल पकडायला : धक्क्यावरच्या तीन रात्रींचा हिशेब

ग्वाल्हेरहून निघून कोकणातल्या धक्क्यावर बसून माकूल पकडायची असेल, तर दोघांना सहा दिवस आणि साधारण वीस ते पंचवीस हजार रुपये लागतात. त्यातला पकडण्याच्या सामानाचा खर्च जेमतेम अडीच हजारांचा. बाकी सगळं प्रवास, खोली आणि जेवण. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर ते तिकिटात आणि तारखेत वाचतात, गळात नाही. आणि पैसे फुकट जातात ते महागड्या रॉडवर.

आधी नावाचं बघा. माकूल म्हणजे इंग्रजीतला स्क्विड. ग्वाल्हेरच्या हिंदी वर्तमानपत्रांत ‘माकूल इंतज़ाम’ वाचलेलं असतं, त्याच्याशी याचा संबंध नाही. रत्नागिरीच्या बाजारात माकूल, नळ माकूल, म्हाकूल अशी नावं ऐकू येतील, गोव्याकडे माणकी. पाठीत पांढरं, हलकं, होडीच्या आकाराचं हाड असलेली जाड म्हाकूल ही वेगळी जात. आयुर्वेदाच्या दुकानात समुद्रफेन म्हणून मिळतो तो तिचाच. नळ माकूल सडपातळ, आत प्लास्टिकच्या पट्टीसारखी पारदर्शक पात. गळाला दोन्ही येतात.

कधी जायचं

जून ते सप्टेंबर विसरा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हातदोरीला ती बंदी लागू नसली तरी खवळलेल्या समुद्रात धक्क्यावर उभं राहायचं नसतं. शिवाय नद्यांचं गढूळ गोडं पाणी किनाऱ्याला आलेलं असतं आणि माकूल गढूळ पाण्यात शिकार करत नाही. ती डोळ्यांवर जगते. पाणी निवळतं दसऱ्यानंतर. दिवाळीच्या सुट्टीत खोल्यांचे भाव दुप्पट होतात, नाताळच्या आठवड्यातही तेच. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारी ग्वाल्हेरकरांसाठी आणखी एका कारणाने वाईट : धुकं. दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन् तास उशिरा धावतात, आणि तुमची पहिली रात्र स्टेशनवर जाते. उरतात दोन चांगले काळ : दिवाळीची गर्दी ओसरल्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि फेब्रुवारी.

आता रात्र निवडा. यात पैसे लागत नाहीत, पण सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. माकूल उजेडाकडे येते. नेमकं सांगायचं तर उजेडात येणाऱ्या बारीक मासळीमागे येते. चांदणं असेल तर तुमच्या दिव्याला किंमत राहत नाही. म्हणून संध्याकाळी अंधार हवा, आणि त्याच वेळी भरतीचं पाणी धक्क्याला टेकलेलं हवं. कोकणात भरतीची वेळ काढायचं जुनं गणित आहे : तिथीची पाऊणपट करा. दशमीला साडेसात. म्हणजे साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे मुंबईच्या आसपास बसतं. रत्नागिरीला आणि खाली वेंगुर्ल्याकडे भरती त्याआधी येते, तेव्हा तिथे अर्धा-पाऊण तास अलीकडे धरा. पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या.

याचा अर्थ वद्य नवमी ते द्वादशी या रात्री तुमच्या. दिवेलागणीला पाणी भरलेलं, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार, आणि अमावास्येच्या उधाणाइतकी पाण्याला ओढ नाही. उधाणात हलकं जिग, म्हणजे माकुलीसाठीचा कोळंबीच्या आकाराचा गळ, तळाला पोचायच्या आत वाहून जातं. अष्टमीच्या आसपासच्या मंद पाण्याला कोळी ‘भांग’ म्हणतात. भांगाच्या पाण्यात नवख्यालाही दोरीवर काय चाललंय ते कळतं. एक सावधगिरी : ग्वाल्हेरच्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्या मराठी पंचांगात अमावास्येला. आपला कार्तिक वद्य म्हणजे तिथला मार्गशीर्ष कृष्ण. तिथी तीच असते, महिन्याचं नाव बदलतं. तिकीट काढताना इंग्रजी तारीख पडताळा.

गाडी आणि तिकीट

ग्वाल्हेरहून थेट रत्नागिरीला जाणारी गाडी म्हणजे 12618 मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस. भोपाळ, भुसावळ, नाशिक रोड, कल्याण, पनवेल करत ती कोकण रेल्वेने जाते. सव्वा दिवस धरा. गोवा एक्स्प्रेसच्या नावाला फसू नका. तीही ग्वाल्हेरला थांबते, पण पुणे-मिरज-बेळगाव मार्गे जाते. रत्नागिरी तिच्या वाटेवर नाही. मंगलाचं आरक्षण मिळालं नाही तर पंजाब मेलने कल्याणपर्यंत येऊन तिथून पनवेल गाठायचं आणि कोकणची गाडी पकडायची. यात एक पूर्ण दिवस जाऊ शकतो.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. पूर्वीचे 120 दिवस नोव्हेंबर 2024 पासून गेले. पंचांग घ्या, वद्य दशमी शोधा, त्याच्या दोन दिवस आधीची तारीख धरा आणि साठाव्या दिवशी सकाळी तिकीट काढा. तत्काळवर विसंबू नका. ते आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी सकाळी 10 ला, स्लीपरसाठी 11 ला. ऑनलाइन काढायचं तर जुलै 2025 पासून खात्याला आधार पडताळणी लागते, आणि पक्कं झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर एक पैसा परत मिळत नाही. साधं पक्कं तिकीट बरंच आधी रद्द केलं तर माणशी स्लीपरला 120, थर्ड एसीला 180 आणि वर कर कापला जातो. ऑनलाइन सेवाशुल्क वेगळं : युपीआयने भरलं तर स्लीपरला 10 आणि एसीला 20, इतर मार्गांनी 15 आणि 30, अधिक कर. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे. ती गृहीत धरून हिशेब करू नका.

बजेटला एका बाजूचं भाडं स्लीपरला माणशी 800, थर्ड एसीला 2,000 धरा. कागद एकच : सरकारी ओळखपत्र, मूळ. तेच पुढे धक्क्यावरही लागतं.

विमानाने मुंबई गाठणार असाल तर गळ आणि जिग हातातल्या सामानात ठेवू नका, तपासणीत काढून घेतले जातील. सगळं नोंदवलेल्या सामानात.

कोणता धक्का

रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर आहे. रिक्षाला 200 ते 300 रुपये, रात्री जास्त, बसण्याआधी ठरवा. मुक्काम मांडवीच्या बाजूला घेतलात तर रात्री चालत परत येता येतं, आणि तीन रात्रींचं मिळून हजारभर रुपये रिक्षाभाडं वाचतं. 1,200 ते 1,800 मध्ये साधी स्वच्छ खोली मिळते. भाडं कर धरून आहे का, जादा गादीचे किती, आणि रात्री एक वाजता दार उघडणार का, हे तिन्ही प्रश्न फोनवरच विचारा. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरीकडे बघा.

मिरकरवाड्याचं बंदर मोठं, पण ते कामाचं बंदर आहे. बोटी लागतात, बर्फ चढतो, जाळी ओढली जातात. तिथे पाहुण्याने दोरी टाकून मधे उभं राहू नये. मांडवीची जेटी बसायला सोयीची, पण भाट्याची खाडी जवळ आहे. पाऊस लांबला असेल तर तिथलं पाणी उशिरा निवळतं. दिवसा जाऊन बघा. पाण्यात तीन-चार हात खालचा दगड दिसत असेल तर रात्री तिथे या. आणखी एक खूण आहे : धक्क्याच्या फरशीवर काळे-तपकिरी वाळलेले डाग. ती माकुलीची शाई. कोणीतरी तिथे माकूल काढलेली आहे. डाग नसतील तर धक्का बदला.

वेंगुर्ल्याला जायचं तर सावंतवाडी किंवा कुडाळला उतरून पुढे एसटी. विजयदुर्गचं पाणी खोल आणि निवांत, पण रेल्वेपासून लांब. गाडी करून जावं लागतं आणि खर्च वाढतो. पहिल्या खेपेला नको.

मालवणबद्दल नीट ऐका. तिथे 1987 साली सागरी अभयारण्य घोषित झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्यात येतं. ‘सगळे करतात’ असं कोणी सांगितलं तरी वनखात्याला विचारल्याशिवाय तिथे गळ टाकू नका.

परवान्याचं सगळ्यांनाच कोडं असतं. महाराष्ट्राचा 1981 चा सागरी मासेमारी कायदा नौकांच्या नोंदणीचा आणि परवान्याचा आहे. हौसेने धक्क्यावर हातदोरी घेऊन बसणाऱ्याने त्याखाली शुल्क भरायचं नसतं. त्यामुळे कोणी ‘जेटीचा पास’ म्हणून शंभर-दोनशे मागितले तर छापील पावती मागा. काही धक्क्यांवर बंदर खात्याचं प्रवेश किंवा वाहनतळाचं शुल्क असतं, ते पावतीवर मिळतं. पावती नाही तर पैसे नाहीत. तटरक्षक दल, नौदल किंवा खासगी कंपनीच्या जेटीजवळ जाऊ नका आणि तिथे फोटोही काढू नका. सागरी पोलिसांनी विचारलं तर ओळखपत्र दाखवा आणि सरळ उत्तर द्या.

सामान : रॉड नको, हातदोरी घ्या

दुकानदार तुम्हाला साडेआठ फुटी रॉड, 2500 मापाचं रीळ, वेणीची दोरी असा सहा-आठ हजारांचा संच दाखवेल. सामान चांगलंच असतं. पण पहिल्या खेपेला ते गाडीत सांभाळायचं, अंधारात गुंतलेलं सोडवायचं आणि वाऱ्यात फेकायला शिकायचं, यातच तिन्ही रात्री जातात. माकूल धक्क्याच्या भिंतीलगत येते. तिथे हातदोरी पुरते. कोकणात गरवायला बसणारे कित्येक जण हातदोरीवरच काम भागवतात.

यादी अशी : माणशी एक गुंडाळी 0.50 मिलिमीटर जाडीचा तंगूस (नायलॉनची दोरी), 50 मीटर. 150 ते 200 रुपये. दोघांत चार जिग, 2.5 आणि 3.0 मापाची, प्रत्येकी 250 ते 350. कपाळाला बांधायचा दिवा माणशी 400. लाइफ जॅकेट माणशी हजार, आणि त्यात काटकसर नाही. झाकणाची बादली आणि लांब दोरीला बांधलेली छोटी जाळी तिथेच घ्या.

जिगवर मात्र नीट लक्ष द्या, कारण फसवणूक इथेच होते. ही वस्तू जपानची, तिकडचं नाव ‘एगी’. कोळंबीच्या आकाराचा, कापड चढवलेला तुकडा. पोटाखाली शिशाचं पातळ पातं. शेपटीला उलट्या छत्रीसारखे दोन फेरांत वर वळलेले आकडे. साध्या गळाला असतो तो मागे फिरलेला काटा याला नसतो. 2.5 मापाचं जिग साधारण 10 ग्रॅमचं, 3.0 मापाचं 15 ग्रॅमचं. दहाचा संच 600 रुपयांत अशी जाहिरात दिसली की थांबा. मी एकदा असा संच मागवला होता; दहांतली सहा जिग पाण्यात कुशीवर पडून बुडत होती. कुशीवर पडणाऱ्या कोळंबीला माकूल हात लावत नाही.

म्हणून घरीच परीक्षा घ्या. बादलीत किंवा गच्चीवरच्या टाकीत जिग सोडा. ते तोंड खाली, शेपटी वर, तिरपं आणि सरळ रेषेत उतरलं पाहिजे. मीटरभर खाली जायला तीनेक सेकंद. लोळलं, गिरकी घेतली किंवा दगडासारखं पडलं तर परत करायची मुदत आहे तोवर परत करा. दोरी फेकायचा सराव मेळा मैदानावर करता येतो, जिगऐवजी नट बांधून. तिघरा धरणावर नको : ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, आणि मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारीला बंदीही असते.

पाण्यात काय करायचं

सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी जागा धरा. आधी कोणी बसलेलं असेल तर ‘दादा’, ‘काका’ किंवा ‘चाचा’ म्हणून विचारा, दहा हात सोडून बसा. बोटींच्या दोरांवरून फेकू नका.

जेटीच्या खांबावर दिवा असेल तर उत्तम. उजेडाच्या मधोमध टाकू नका. उजेड संपून काळोख सुरू होतो त्या कडेला टाका. माकूल काळोखात थांबते आणि उजेडात झेपावते. खांबाला दिवा नसेल तर हातातली बॅटरी पाण्यावर एकाच जागी स्थिर धरा. फिरवत राहिलात तर बारीक मासळी जमतच नाही. जनरेटर लावून एलईडीचा झगमगाट मात्र करू नका. एलईडी लावून मासेमारी करायला 2017 पासून देशभर बंदी आहे, आणि त्या दिव्यांनी पारंपरिक मच्छीमारांचं फार नुकसान केलंय. धक्क्यावर कोणी चिडून बोललं तर त्याचं कारण हे असतं.

जिग सोडा आणि मनात मोजा. तळ लागला की दोरी सैल पडते. पुढच्या वेळी त्या आकड्याच्या दोन आधी थांबा, म्हणजे जिग दगडात अडकणार नाही. आता हात दोनदा झटकन वर : एक, दोन. मग थांबा. दोरी सैलही नको, ओढलेलीही नको. बोटावर नुसती टेकलेली, आणि जिग आपल्या वजनाने खाली जाऊ द्या. सात-आठ सेकंद. माकूल पकडते ती याच वेळी, जिग खाली येत असताना. झटका तिला नुसतं बोलावतो. नवखे लोक झटकेच देत राहतात, थांबत नाहीत; आणि रिकाम्या बादलीने परततात.

मासा लागला की टक्कन कळतं. माकुलीचं तसं नाही. जिग मधेच उतरायचं थांबतं, किंवा दोरी हळूच बाजूला सरकते, किंवा कोणी ओलं फडकं अडकवल्यासारखं जड वाटतं. तेव्हा जोरात हिसका देऊ नका. तिचे हात लुसलुशीत असतात, तुटतात. मनगटाने जरासं वर घ्या आणि मग एका लयीत, हातावर हात, न थांबता ओढा. आकड्यांना उलटा काटा नाही, त्यामुळे दोरी क्षणभर सैल पडली की ती गेली.

पाण्याच्या वर आणायच्या आधी मात्र पृष्ठभागाशी क्षणभर ताणून धरा. ती फुस्स करून पाणी आणि शाई सोडते. ती समुद्रात सोडू द्या, मग खालून जाळी लावून उचला. शाईचा डाग कपड्यावरून सहज जात नाही; जुने कपडे घाला. सोडवताना अंगाला मागच्या बाजूने धरा. हातांच्या मधोमध पोपटाच्या चोचीसारखं तोंड आहे आणि ते चावतं.

पंधरा-वीस मिनिटं काहीच नाही तर जिगचं माप किंवा रंग बदला, मग जागा. दोन जिग तळाला अडकून तुटतील असं धरूनच चार घ्यायला सांगितली. अडकलं तर ओढू नका. दोरी सैल सोडून दुसऱ्या बाजूला जाऊन हलकेच हिसका द्या, बऱ्याचदा सुटतं.

जिग चालत नसेल तर बाजारातून वीस रुपयांची ताजी तारली आणा. मागे आकड्यांचा झुबका असलेल्या काडीवर ती दोऱ्याने घट्ट बांधा आणि भिंतीलगत सोडून ठेवा. याला झटका नाही. फक्त वाट बघायची. दोघांपैकी एकाने जिग आणि दुसऱ्याने तारली, ही वाटणी चांगली.

वितीपेक्षा लहान आलेली सोडून द्या. दगडाला चिकटलेले पांढरे, बोटांसारखे घोस दिसले तर ती तिची अंडी. हात लावू नका. शिंगाळा किंवा पाकट गळाला आलं तर हाताने सोडवू नका, दोरी कापा.

पकडलेली माकूल आणि उरलेला हिशेब

बर्फात ठेवा, पण बर्फाच्या पाण्यात भिजू देऊ नका. पिशवीत घालून वर बर्फ. डोकं ओढलं की आतडी आणि शाईची पिशवी बरोबर येते. पात उपसायची, साल काढायची, चोच दाबून काढायची. बऱ्याच खानावळी तुमची मासळी करून देतात. माणशी 100 ते 200 रुपये करणावळ आधी ठरवा, भाकरी-भात त्यात धरलाय का ते विचारा. मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं, बस. त्यापुढे गेली की रबर. ग्वाल्हेरला नेऊ नका. सव्वा दिवसाच्या प्रवासात बर्फ टिकत नाही, आणि डब्यातल्या लोकांनाही त्रास.

दोघांचा हिशेब, थर्ड एसीने : प्रवास 8,000, खोली तीन रात्री 4,500, तिथलं जेवण 3,600, गाडीतलं 1,600, रिक्षा 1,500, दोऱ्या, जिग आणि दिवे 2,400, लाइफ जॅकेट 2,000, बर्फ, जाळी, करणावळ 800. एकूण 24,400. स्लीपरने गेलात तर 19,600. पुढच्या खेपेला सामानाचे चारेक हजार वाचतात.

बोटीवाले ‘स्क्विड ट्रिप’ म्हणून तीन ते सहा हजार सांगतात. घ्यायचीच तर बोटीची नोंदणी, माणशी लाइफ जॅकेट आणि परत यायची वेळ आधी बघा. ‘मिळणारच’ अशी हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. तीन रात्रींत एकही न मिळणं अगदी शक्य आहे. बाजारात ती तीन-चारशे रुपये किलोने मिळते; खायचीच असेल तर तिथून आणा.

रात्री धक्क्यावर एकट्याने जाऊ नका, शेवाळावर चप्पल घालून उतरू नका, लहान मुलांना कठड्याशी बसवू नका. कोणी पाण्यात पडलं तर मागून उडी घेऊ नका. बादलीची दोरी फेका आणि फोन लावा. सागरी पोलीस 1093, तटरक्षक दल 1554, बाकी सगळ्याला 112. निघण्याआधीच हे तिन्ही दोघांच्याही फोनमध्ये घालून ठेवा.